जिनिंगच्या पॅनेलमधल्या एमसीबीला कुलूप लावायचंय, लॉकआऊट कोणतं घेऊ?

जिनिंग_मेंटेनन्स_पांढरकवडा
नमस्कार मंडळी. मी पांढरकवड्याकडे एका जिनिंगमध्ये मेंटेनन्स पाहतो, १४ वर्षं झाली. पॅनेल दोन आहेत. एक नवं, त्यात सगळ्या एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे छोटे स्विच) एकाच कंपनीच्या आहेत. दुसरं जुनं, त्यात सीझनमध्ये जी एमसीबी जळाली तिच्या जागी बाजारात जी भेटली ती बसवली, असं करता करता चार कंपन्यांचा माल झाला. प्रेस आणि सक्शन फॅनला एमसीसीबी (जास्त करंटसाठीच्या मोठ्या एमसीबी) आहेत, मेनला मोठी एमसीसीबी.

आता विचारतोय कशासाठी ते सांगतो. मागच्या सीझनमध्ये रात्रपाळीला ७ नंबरच्या जीनमध्ये रोलरला रुई गुंडाळली गेली होती. मी एमसीबी पाडली, "काम चालू आहे" लिहिलेला पुठ्ठा सुतळीनं तिलाच बांधला आणि रोलरपाशी बसून चाकूनं रुई कापून काढत होतो. मध्येच पाळी बदलली. नवीन आलेल्या पोरानं पाहिलं की एक एमसीबी खाली आहे, त्याला वाटलं ट्रिप झाली, त्यानं उचलली आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मी पाना घ्यायला हात बाहेर काढला होता म्हणून वाचलो, रोलर फिरल्याचा वारा बोटांना लागला. पुठ्ठा नंतर पॅनेलखाली पडलेला सापडला, त्यावर बोटभर रुई बसली होती. पोराची चूक मी मानतच नाही, त्याला कळायला काही होतंच कुठं.

मालकांना सांगितलं, ते लगेच हो म्हणाले. पण दुकानदारानं लॉकआऊटचे, म्हणजे पाडलेली एमसीबी कोणी उचलू नये म्हणून तिच्यावर बसवून कुलूप लावायच्या पकडीचे, फोटो पाठवले तर त्यात पिन आत, पिन बाहेर, टाय बार, युनिव्हर्सल, एमसीसीबीचा क्लॅम्प, डोकं चक्रावलं. कोणतं कशाला लागतं? आणि कुलूप एकच घ्यायचं का सगळ्यांना वेगवेगळं?

पॅनेलवाला_बुटीबोरी
दादा, सर्वात आधी देवाचे आभार माना. आता कामाचं. दुकानातले फोटो बाजूला ठेवा आणि आपली एमसीबी पाहा, कारण लॉकआऊट एमसीबीच्या तोंडावरून ठरतं, तिच्या अँपिअरवरून नाही. १६ अँपिअरची आणि ६३ ची एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतली असेल तर बहुतेक एकच लॉकआऊट दोघींना चालतं, आणि १६ च्याच दोन कंपन्यांच्या असल्या तर चालेलच असं नाही.

खटक्याच्या दोन्ही बाजूला बॉडीत बारीक भोकं दिसतात का ते बॅटरी मारून पाहा. पिनवाली लॉकआऊटं त्याच भोकांत बसतात. काहींच्या पिना बाहेरून आत येतात, काहींच्या आतून बाहेर सरकतात, आणि दोन भोकांमधलं अंतर जास्त असेल तर बाहेर सरकणाऱ्यातच रुंद साइज येते. म्हणून व्हर्नियरनं भोकांमधलं अंतर मोजा, पट्टीनं नको. दोन-तीन पोलच्या (म्हणजे दोन-तीन तारा एकदम तोडणाऱ्या) एमसीबीत खटके एका दांडीनं जोडलेले असतात, त्या दांडीलाच पकडणारं ते टाय बारवालं, त्याला भोकं लागत नाहीत. एमसीसीबीला क्लॅम्पवालं घ्या, ते हँडलवर चढवून स्क्रू आवळायचा आणि मग कुलूप असं लावायचं की स्क्रूपर्यंत हात जाणार नाही. तिथं हँडलची रुंदी आणि जाडी दोन्ही मोजावी लागते. तुमच्या मेन एमसीसीबीला दारावर फिरवायचं रोटरी हँडल असेल तर खर्च करू नका, बहुतेक हँडलात कुलपाची जागा दिलेलीच असते, ऑफवर फिरवून ती पट्टी ओढून पाहा.

एमसीबी ज्या कंपनीची तिचंच लॉकिंग ॲक्सेसरी मिळत असेल तर नव्या पॅनेलसाठी तेच मागवा, ते घट्ट बसतं. युनिव्हर्सल म्हणून जे विकतात ते काहींवर झकास बसतं आणि काहींवर हातानं ओढलं की निघतं. घेण्याआधी एक नग आणून जोर लावून ओढून पाहा. निघालं तर ते लॉकआऊट नाही, तो तुमच्या पुठ्ठ्याचाच भाऊ.

वायरमन_मारेगाव
राजेहो मी खेड्यातला वायरमन, आपल्याकडं कुलूपबिलूप नसे तवा काय करत होतो सांगतो. डीपीवरचं काम असलं की किटकॅट, म्हंजे फ्यूज बसवलेली पकड, काढायचं अन् सोताच्या खिशात टाकायचं. तिनही. कोणाजवळ द्यायचं नाई, खांबावर ठेवायचं नाई. खिशात किटकॅट तं जीव खिशात, असं आमचे काका म्हणत. पण त्यात बी एक वांधा हाये, वावरात पाणी सुरू करायची घाई असलेला कास्तकार किटकॅटच्या जागी तार खुपसून देते, त्याले काय माहीत वर माणूस हाये. म्हणून मी म्हंतो कुलूप ते कुलूपच.

अन् भाऊ एक गोष्ट ध्यानात ठेवा, तुमच्याकडं जनरेटर असन. लाइन गेली म्हणून हात घातला अन् कोणी जनरेटर चालू करून चेंजओव्हर फिरवला तं? मंग तुमची मेन एमसीसीबी लॉक असून काय फायदा, करंट दुसऱ्या वाटेनं आला. लॉक ज्या जीनवर काम चालू हाये त्या जीनच्याच फिडरले, म्हंजे तिच्याकडं जाणाऱ्या लाइनच्या एमसीबीले, लावा, म्हंजे लाइन असो का जनरेटर, दोन्हीकडून बंद. वावरातल्या मोटरपंपावर त ऑटो लावलेला असते, रात्री दोन वाजता लाइन आली की मोटर आपोआप सुरू. तिथं बी स्टार्टरच्या मागच्या मेन स्विचले कुलूप पाहिजे, ऑटो बंद करून भागत नाई.

सेफ्टी_चंद्रपूर
वायरमन भाऊंनी खिशाचं जे सांगितलं त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी चंद्रपूरकडे एका पॉवर प्लांटमध्ये ठेकेदाराकडे सेफ्टीला होतो. एक माणूस, एक कुलूप, एक चावी. ज्याचा हात मशीनमध्ये त्याचीच चावी त्याच्या खिशात. एकाच चावीनं उघडणारी सहा कुलपं स्वस्त पडतात, पण ती घेऊ नका, मग कोणीही कोणाचंही उघडू शकतो आणि सगळा उपयोग संपतो. ऑर्डर देताना "प्रत्येकाची चावी वेगळी" असं स्पष्ट लिहून द्या.

दोघं-तिघं एकाच जीनवर काम करत असतील तर हॅस्प घ्या, म्हणजे लॉकआऊटच्या भोकात अडकवायची कात्रीसारखी पकड, तिला सहा कुलपं लागतात. प्रत्येकानं आपापलं लावायचं, शेवटचं कुलूप निघेपर्यंत ती उघडतच नाही. हेल्परचं पण वेगळं कुलूप, हे मी ठासून सांगतो, कारण फिटर चहाला जातो आणि हात हेल्परचा आत असतो.

कुलूप घेताना कडीची जाडी पाहा. सेफ्टी पॅडलॉकची कडी बहुतेक ६ मिमीची असते, घरच्या दाराचं मोठं कुलूप एमसीबीच्या लॉकआऊटच्या भोकात शिरतच नाही. पॅनेलमध्ये बॉडी नायलॉनची घ्या, शक्य असेल तर कडीपण लोखंडी नसलेली, म्हणजे हातातून सुटून बसबारवर (पॅनेलमधल्या करंटच्या उघड्या पट्ट्यांवर) पडलं तरी शॉर्ट होणार नाही.

आणि पुठ्ठ्याच्या जागी चांगला प्लॅस्टिकचा टॅग ठेवा, नाव, मोबाइल, वेळ. टॅगनं कळतं, कुलपानं अडतं, दोन्ही हवं. अमेरिकेत ओशाचा (तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) १९८९ चा लॉकआऊटचा नियम आहे, त्यात पण साधनं टिकाऊ पाहिजेत, सगळीकडे एकसारखी पाहिजेत आणि कोणाचं कुलूप ते ओळखू आलं पाहिजे असंच सांगितलंय. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, मालकांसमोर तेही ठेवा.

डाळमिल_हिंगणघाट
एवढा खटाटोप कशाला, पॅनेलच्या दाराला कुलूप लावलं तर सगळंच लॉक. आम्ही आठ-नऊ वर्षं तसंच करतो, काही झालं नाही.

सेफ्टी_चंद्रपूर
@डाळमिल_हिंगणघाट भाऊ, तुमचं आजवर निभावलं याचा आनंदच आहे. पण दाराला कुलूप लावलं आणि बाजूच्या मोटरमधून धूर निघाला तर तिची एमसीबी पाडायला दार उघडायचं कसं? चावी तर रोलरपाशी बसलेल्याच्या खिशात. म्हणून मग लोक चावी खिळ्याला टांगून ठेवतात, आणि खिळ्याला टांगलेली चावी कोणीही घेतो. बहुतेक पॅनेलच्या दाराची चावी तर सगळीकडे सारखीच येते, बाजारात कुठंही मिळते.

जिनिंग_मेंटेनन्स_पांढरकवडा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी शटडाऊन घेऊन जुन्या पॅनेलची एकेक एमसीबी पाहिली. पाच अशा निघाल्या की त्यांना भोकंच नाहीत, सिंगल पोल, म्हणजे टाय बारपण नाही. आणि भोकं असलेल्या काहींमध्ये रुईची धूळ अशी ठासून बसलीय की पिन अर्धीच जाते. सुईनं उकरली तर मुगाच्या दाण्याएवढी गोळी निघाली. त्या पाचांचं काय करू?

पॅनेलवाला_बुटीबोरी
रुईचं चांगलं लक्षात आणून दिलंत, हे आमच्यासारख्या पॅनेल बनवणाऱ्याला सुचत नाही. पिन अर्धी गेली तर बाहेरून लॉक झाल्यासारखंच दिसतं आणि खटका वर जातो. प्रत्येक वेळी लावल्यावर खटका बोटानं उचलून पाहायचा. ब्लोअर मारताना धूळ उलट आत बसते, त्यापेक्षा व्हॅक्यूमनं ओढा, तेही पॅनेल बंद करून.

त्या पाच बदलून टाका हो, सीझन संपला की. नव्या पॅनेलमध्ये ज्या कंपनीच्या आहेत त्याच घ्या, मग दोन्ही पॅनेलला एकच लॉकआऊट चालेल आणि अंधारात, घाईत, कोणतं कुठलं ते शोधत बसावं लागणार नाही. ब्रेकिंग कपॅसिटी (शॉर्ट झाला तर किती करंट तोडू शकते ते) आणि कर्व्ह (किती जादा करंटला झटक्यात पडते ते) मात्र जुन्यासारखाच पाहा, मोटरला 'B' कर्व्ह लावला तर सुरू होतानाच ट्रिप होत राहील. तोवर त्यांच्या मागच्या स्विच फ्यूज युनिटला कुलूप लावा, त्याच्या हँडलला भोक असतं.

एक विचारायचं राहिलं, लॉकआऊट आणि कुलूप लावल्यावर पॅनेलचं दार बंद होतं का? बऱ्याचदा कुलूप दाराला अडतं, मग लोक दार उघडं ठेवतात आणि रुई आत जाते. आतल्या झाकणाच्या पत्र्यापासून दारापर्यंत किती जागा आहे तेपण मोजून घ्या. आणि शेजारच्या एमसीबीचा खटका झाकला जात नाही ना तेही पाहा, एका पोलची रुंदी १८ मिमीच असते.

वायरमन_मारेगाव
भाऊ, कुलूप लावल्यावर टेस्टर लावल्याबिगर हात घालू नोका. अन् निऑनच्या पेचकसवर भरोसा नाई, मीटर घ्या. आधी चालू लाइनवर मीटर पाहा, मंग बंद केलेल्यावर, मंग परत चालूवर. फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, सारं. कधी एमसीबीचा खटका खाली असते पण आतला कॉन्टॅक्ट चिकटून राहते, कुलूप त्याले काय करन. स्टार्टरमधी कंट्रोलची फेज, म्हंजे बटणाच्या वायरीची लाइन, दुसरीकडून आणलेली असते तेबी पाहा, मले एकदा तिथंच झटका बसला. मंग स्टार्टरचं हिरवं बटण दाबून पाहा, नाई फिरलं की बसा कामाले.

कॅपॅसिटर पॅनेलवर काम असन तं वेगळंच, बंद केल्यावर थांबा, मीटरनं पाहा, डिस्चार्ज करा, मंग हात लावा.

जिनिंग_मेंटेनन्स_पांढरकवडा
कंट्रोलच्या फेजचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी पाहिलं नसतं. आत्ताच पाहून आलो, ७ नंबरच्या स्टार्टरची कंट्रोल फेज ६ नंबरच्या एमसीबीवरूनच आलीय, कोणीतरी कधीतरी जोडलेली. म्हणजे ७ ला कुलूप लावूनसुद्धा स्टार्टरमध्ये करंट राहिला असता. उद्या ती वायर त्याच्याच एमसीबीवर आणतो.

सध्याची ऑर्डर अशी लिहिलीय: नव्या पॅनेलसाठी त्याच कंपनीची लॉकिंग ॲक्सेसरी, जुन्या पॅनेलच्या भोकं असलेल्यांसाठी पिन बाहेर सरकणाऱ्याचे आधी दोनच नग, ओढून पाहून मग बाकीचे, थ्री पोलसाठी टाय बारवाली, प्रेस आणि फॅनला क्लॅम्प. दोन हॅस्प. कुलपं आठ, सगळ्यांची चावी वेगळी, ज्यानं त्या रात्री एमसीबी उचलली त्या पोराचंही त्यात एक आहे. त्यानं स्वतःच येऊन विचारलं, माझं नाव टॅगवर कुठं लिहायचं.

मेनच्या रोटरी हँडलची पट्टी ओढून पाहिली, खरंच कुलपाची जागा निघाली. इतकी वर्षं रोज हात लावतोय त्याला. दाराची जागा अजून मोजायची आहे, ते मोजून उद्या इथंच टाकतो.