कोलायटिस आणि कोलेस्टेरॉल
"कोलेस्टेरॉल इतकं कमी आलंय, मग कोलायटिसवाल्याने हृदयाची काळजी कशाला करायची" हा इथल्या चर्चेतला मुद्दा पटत नाही. कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह. तो भडकलेला असताना त्या दाहामुळेच एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) खाली जाऊ शकतं. धमन्या मात्र त्याच दाहाने ताठर होत असतात. सांगलीत माझ्या मेव्हण्याचं असंच झालं. जुलाब आणि रक्त चालू होतं तेव्हा रिपोर्ट झकास, आणि मिरजेतल्या उपचारांनी आतडं शांत झाल्यावर आकडा चढला. घरात सगळे औषधाला शिव्या द्यायला लागले! डॉक्टर म्हणाले, आधीचाच आकडा फसवा होता.

कोलायटिसच्या औषधाऔषधांत फरक असतो, हे इथे कुणी लिहिलं नाही. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या टीएनएफ-रोधक (टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन अडवणाऱ्या) औषधांनी धमन्यांचा ताठरपणा कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. स्टेरॉइड लांबलं तर बीपी-शुगर वाढते, ते वेगळंच. टोफासिटिनिबच्या गोळीने कोलेस्टेरॉल वाढू शकतं. शिवाय २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तिच्याबाबत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा दिला. त्यामागची चाचणी संधिवाताच्या रुग्णांवर होती, वय ५० किंवा जास्त आणि हृदयविकाराचा एखादा धोका आधीच असलेल्या. तरी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, पूर्वी ओढत असलात तरीही, गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगाच.