ओकिनावातल्या युतांना बुवाबाजीच्या रांगेत बसवू नका

समुद्रफूल

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ओकिनावातल्या युतांबद्दल, म्हणजे पूर्वजांचं म्हणणं सांगणाऱ्या तिथल्या बायकांबद्दल, एक लेख फिरतोय. 'जपानसारख्या पुढारलेल्या देशातही भोंदूगिरी' असा त्याचा सूर. मी कामानिमित्त ओकिनावाच्या ओन्ना गावात राहते. हा सूर मला अजिबात मान्य नाही.

आधी लेखातली खिचडी निवडून काढते. नोरो ही गावाची अधिकृत पुजारीण. ओकिनावातल्या जुन्या रयुक्यू राज्याचा राजा शो शिन (राज्यकाळ 1477-1526) याने नोरोंची उतरंड लावली. सर्वांत वर किकोए-ओगिमी. त्या पदावर पहिली बसली ती राजाची सख्खी बहीण. तिचा पदग्रहण विधी सेफा उताकी या पवित्र राईत व्हायचा. नोरोला राज्याकडून जमीन मिळायची. संजिनसो हा बहुतेक वेळा पुरुष, पोथ्या बघून मुहूर्त आणि भविष्य सांगणारा. युता या दोघांहून वेगळी. तिला कुणी नेमत नाही आणि दरबारात तिला कधी आसन नव्हतं. घरात आजारपण हटेना, अपघातामागून अपघात होऊ लागले, की घरची बाई तिच्याकडे जाते. कोणता पूर्वज नाराज आहे, कोणती पूजा राहून गेली, ते ती सांगते.

नोरोंची परंपरा राज्य बुडालं तशी आटत गेली. कुदाका बेटावर दर बारा वर्षांनी, घोड्याच्या वर्षी, इझाइहो व्हायचा. तिशी-चाळिशीतल्या बायकांना देवकार्यात सामील करून घेण्याचा हा विधी 1978 साली शेवटचा झाला. 1990 साली त्यासाठी पुरेशा बायकाच नव्हत्या.

युता मात्र टिकली, आणि तीही मार खात. अठराव्या शतकात साइऑन या मुत्सद्द्याच्या काळात तिच्यावर बंदी आली. 1879 साली जपानने राज्य गिळून प्रांत केला, त्यानंतर पोलीस मागे लागले. 1913 साली नाहा शहरात वर्तमानपत्रांनी झोड उठवली. महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत धरपकड झाली. दर वेळी खुर्चीवरचे पुरुष, आणि समोर अशी बाई जिचा शब्द घराघरांत चालतो. आज तिला सरसकट भोंदू ठरवणारे त्याच खुर्चीवरून बोलतायत, असं मला ठामपणे वाटतं.

रोखठोक

असहमत. आणि बायकांच्याच बाजूने असहमत.

तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात तोतोमे हा शब्द एकदाही नाही. तोतोमे म्हणजे पूर्वजांच्या नावांच्या पाट्या, घरातल्या देव्हाऱ्यात ठेवलेल्या. त्या सांभाळायच्या थोरल्या मुलाने. मुलीने घ्यायच्या नाहीत. दुसऱ्या कुळाचं रक्त त्यात येऊ द्यायचं नाही. दोघा भावांच्या पाट्या एका देव्हाऱ्यात नकोत. पाट्यांबरोबर घर जातं, जमीन जाते, काही घराण्यांत अमेरिकी लष्करी तळाखाली गेलेल्या जमिनीचं भाडंही जातं. म्हणजे एकुलत्या एक मुलीच्या हातातून आईबापाचं सगळं निघून लांबच्या चुलतभावाकडे.

कायद्याने मुलीला हक्क आहे. तरी ती सोडून देते, कारण तिला सांगितलेलं असतं की तू पाट्या घेतल्यास म्हणून तुझं मूल आजारी पडतंय. हे सांगायला कोर्ट येत नाही, पोलीस येत नाही. युता सांगते.

1980 साली 'रयुक्यू शिम्पो' या दैनिकाने 'तोतोमे बाईही घेऊ शकते' म्हणून मोहीम चालवली, तेव्हा हा विषय उघड्यावर आला. पुढच्या वर्षी नाहाच्या कुटुंब न्यायालयाने मुलीच्या बाजूने निकाल दिला. बायकांना दडपणारे फक्त खुर्चीवरचे पुरुष, हे चित्र अर्धं आहे.

समुद्रफूल

तोतोमेचा जाच खरा आहे, त्यावर वाद नाही. पण तो नियम युतांनी काढलेला नाही. 1689 साली शुरीच्या, म्हणजे रयुक्यूच्या राजधानीतल्या, दरबाराने वंशावळींचं खातं उघडलं. सरदार घराण्यांना वंशावळ दाखवणं भाग पडलं आणि बापाकडून मुलाकडे जाणारी कुळं पक्की झाली. कन्फ्यूशियसच्या शिकवणीतून आलेलं हे वळण, ते पुढे सामान्य घरांत झिरपलं. त्याआधीचा समज असा की बहिणीच्या अंगी दैवी ताकद असते आणि ती भावाला राखते. समुद्रावर निघालेल्या भावाजवळ बहिणीची एखादी वस्तू असायची. पुरुषी नियम दरबाराचा आणि बदनामी युतेची, हा न्याय नव्हे.

रोखठोक

ताई, नियम कुणी लिहिला हे इतिहासाच्या वर्गात ठीक. दरबाराचा कागद शुरीत पडून राहिला असता. तो माझ्या सहकारी बाईच्या स्वयंपाकघरापर्यंत कुणी आणला?

मी काही वर्षं नाहात नोकरीला होतो. वडील गेल्यावर ही सहकारी युतेकडे गेली, तिच्या आग्रहावरून मीही बरोबर गेलो. बैठी खोली, कोपऱ्यात देव्हारा. युतेने घरातल्या सगळ्यांची नावं, जन्मवर्षं आणि पत्ता विचारला. हिराउको पेटवला. ही तिथली काळी चपटी उदबत्ती, सहा काड्या एकमेकींना चिकटवल्यासारखी दिसते. मग ताटलीतले तांदळाचे दाणे चिमटीत उचलायची, खाली टाकून जोड्या लावत मोजायची, परत उचलायची. बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एकदम वडिलांच्या आवाजात बोलावं तशी रडवेली होऊन म्हणाली, पाट्या चुकीच्या घरात आहेत, मला बसायला जागा नाही.

सहकारी तिथेच कोसळली. शिकलेली, हिशेबात पक्की बाई. त्यानंतर कित्येक महिने तिला झोप नव्हती. दुःखात असलेल्या माणसाच्या मनावर असा घाव घालायचा अधिकार कुणालाही नसावा, मग ती कितीही जुन्या परंपरेची असो.

मंद्रसप्तक

मी मानसोपचार करते, म्हणून या वादात थोडं वेगळं बोलते. ओकिनावात 'निम्मा डॉक्टर, निम्मी युता' अशी म्हणच आहे. लोक दोन्हीकडे जातात आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही.

युता होणारी बाई बहुधा कामिदारीतून जाते. अन्न जात नाही, झोप उडते, आवाज ऐकू येतात, दिसू नये ते दिसतं, बाई रात्री-अपरात्री पूजास्थानांकडे धावते. दवाखान्यात हीच लक्षणं सांगितली तर आम्ही एखाद्या आजाराचं नाव देऊ. तिथला समाज म्हणतो, देवाने हिला बोलावलंय. घटस्फोट, मूल दगावणं, गरिबी, असं काहीतरी बरेचदा आधी घडून गेलेलं असतं. त्यातून बाहेर आल्यावर तिला समाजात जागा मिळते, काम मिळतं, लोक तिच्याकडे आदराने येतात. आमच्याकडून बरी होऊन घरी गेलेल्या रुग्णाला इतकं सहसा मिळत नाही, हे मला मान्य करावं लागतं.

पण प्रत्येक भास म्हणजे कामिदारी नव्हे. विशी-बाविशीतल्या मुलाला स्किझोफ्रेनिया असेल आणि घरचे वर्षभर पूजाच घालत बसले, तर ते वर्ष परत मिळत नाही. जी युता 'आधी इस्पितळात जा' म्हणते तिला माझा नमस्कार. जी गोळ्या बंद करायला लावते तिच्याशी माझं भांडण आहे.

चाफेकळी

रोखठोक, तुम्ही मृताच्या आवाजात बोलण्याला घाव म्हणालात. 1945 आठवा. एप्रिल ते जून चाललेल्या लढाईत ओकिनावाच्या साधारण चारपैकी एक रहिवासी मेला. गुहांमध्ये, उसाच्या शेतांत, दक्षिणेच्या कड्यांवर. असंख्य घरांना अस्थी मिळाल्या नाहीत. माबुनीच्या टेकडीवर 1995 साली उभारलेल्या स्मारकाच्या दगडांवर दोन लाख चाळीस हजारांहून जास्त नावं आहेत. पण आपला माणूस नेमका कुठे पडला, याचं उत्तर दगडावर नाही.

ते उत्तर युतांनी दिलं. अमुक गुहेजवळ, पाण्यावाचून गेला. मग कुटुंब तिथे जायचं, प्रार्थना करायचं आणि अस्थींच्या जागी तिथला एखादा खडा घरच्या कबरीत आणून ठेवायचं. ती जागा खरी होती का, हे मला विचारू नका. पण ना तोक्योने त्या आयांना काही सांगितलं, ना वॉशिंग्टनने.

गावकूस

पैशाचं कुणीच बोलत नाही. एका भेटीची दक्षिणा परवडते. मग या झऱ्यावर पूजा, त्या उताकीवर पूजा, पूर्वजांचं मूळ गाव शोधत बेटभर फिरणं सुरू होतं, आणि दर ठिकाणी युता बरोबर. पूजेची लाकडी पेटी, तिथे बिंशी म्हणतात, आवामोरी दारू आणि तांदूळ भरून गाडीत तयारच असते. घरं यात कर्जबाजारी होतात.

बंदी मात्र मलाही नको, ती शतकानुशतकं फसली आहे. जपानने 2018 साली ग्राहक करार कायदा बदलला. अदृश्य शक्तीची भीती घालून करायला लावलेला व्यवहार आता रद्द करता येतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आणि शिक्षा आहे, जपानच्या कायद्यात पैसे परत मागायची वाट आहे. युतेच्या बाबतीत मला दुसरी जास्त कामाची वाटते.

समुद्रफूल

भीती घालून पैसे उकळणाऱ्यांवर हा कायदा लागू व्हावा, यात मला अडचण नाही.

पण एक नोंदवते. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा सायकलवरून जोरात आपटला. जखम भरली, पण तो गप्पगप्प झाला, जेवेना. घाबरल्यावर माणसाचा मबुई, म्हणजे जीव म्हणा, निसटून पडतो असं इथे मानतात. त्याच्या आजीने युतेला फोन करून कृती विचारून घेतली. तो पडला तिथे उकिडवी बसली, त्याचा शर्ट जमिनीला टेकवला, नाव घेऊन मबुईला हाका मारल्या, शर्ट छातीशी धरून घरी आणला आणि त्याला घातला. युतेने एक येन घेतला नाही. आणि रोखठोक, तोतोमे मुलीने घेतली तर चालेल असं सांगणाऱ्या युताही आहेत. एकीचं पटलं नाही तर लोक दुसरीकडे जातात.

रोखठोक

माहीत आहे. माझी सहकारीही शेवटी दुसरीकडेच गेली. तिने सांगितलं, मुलगी असलीस तरी ठेव पाट्या, वडिलांची हरकत नाही. त्या रात्री ती नीट झोपली. तुम्हाला यात युतेची माया दिसते. मला दिसतं ते असं, की कोर्टाने 1981 सालीच दिलेला हक्क वापरायला तिला एका बाईची परवानगी लागली, आणि पहिलीने नाही म्हटलं म्हणून दुसरीला पैसे द्यावे लागले. हे मला मान्य नाही, तुम्ही कितीही सांगितलंत तरी.