चुन्यात निळा रंग तपकिरी का पडला?

शहापूरची अक्का
बेळगावात शहापूरला आमचं जुनं घर आहे. मातीच्या भिंती, वरून चुना. सोप्यातल्या कोनाड्यांना सासूबाईंच्या वेळेपासून निळा रंग असायचा, तो यंदा परत द्यायचाय. दुकानातून दोन पुड्या आणल्या. एक कपड्यांची नीळ, दुसरी काळसर निळी, जास्त महाग. दोन्ही चुन्यात कालवून एकेका कोनाड्याला लावल्या. नीळ तशीच आहे, महागडी मात्र दुसऱ्या दिवशी तपकिरी झाली. भिंतीला ओल आहे की पुडी बनावट? ऑइल पेंट नको, मातीच्या भिंतीत ओल कोंडते.

निपाणीचे ड्रॉइंग सर (निवृत्त)
अक्का, पुडी खोटी नसावी. लक्षणावरून तो प्रशियन ब्लू वाटतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये निघालेला हा रंग लोखंड आणि सायनाइड यांच्या संयुगाचा. तेलात, जलरंगात फार देखणा. पण चुना अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, आणि अल्कलीत हा रंग फुटतो. लोखंड सुटं होऊन गंजाच्या जातीचा तपकिरी साका उरतो, तोच तुम्हाला दिसला.

तुमची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, आणि या रंगावर माझा फार जीव आहे. मुळात हा दगडाचा रंग. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीत लाजवर्द हा निळा दगड मिळतो. अजिंठ्याच्या चित्रांतही हा निळा आहे. दगड नुसता कुटला तर राखाडी भुकटी हाती येते, कारण आत पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेला असतो. म्हणून इटलीतले जुने चित्रकार ती भुकटी मेण, राळ आणि तेलाच्या गोळ्यात मळायचे आणि राखेच्या क्षारपाण्यात तो गोळा दाबत राहायचे. निळे कण तेवढे पाण्यात उतरायचे, बाकी घाण गोळ्यात राहायची. केवढे कष्ट! १८२४ साली पॅरिसच्या एका संस्थेने स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीन करून दाखवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं, ते १८२८ मध्ये गिमे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजायचा, एवढाच माल. निळेपणा येतो तो भाजून तयार झालेल्या स्फटिकाच्या जाळीत अडकलेल्या गंधकामुळे. राजेरजवाड्यांच्या चित्रांतला रंग त्यामुळे आपल्या धुण्याच्या बादलीत आला, याचा मला अजून आनंद वाटतो.

अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो, आम्लात मरतो. घरीच बघा: एका वाटीत चुन्याची निवळी, दुसरीत लिंबाचा रस, दोन्हींत चिमूट चिमूट पूड. निवळीत तपकिरी झाली तर प्रशियन. लिंबात निळा उडून सडक्या अंड्यासारखा वास आला तर अल्ट्रामरीन. कोनाड्यांना सुकी नीळच घ्या. बाटलीतली पातळ नको, ती बहुतेक वेळा विरघळणारा डाय असते. नीळ आधी पाण्यात कालवून फडक्यातून गाळा, मग भिजवलेल्या चुन्यात घाला, नाहीतर भिंतीवर निळ्या रेघा उठतात. तपकिरी कोनाडा खरवडूनच नवा हात द्या.

अथणीचा द्राक्षवाला
सर, आमच्याकडं द्राक्षावर बोर्डो, म्हंजे मोरचूद नि चुन्याचं औषध, मारल्यावर तारा, खांब, अंगातला शर्ट, सगळं आकाशी होतंय. त्यातबी चुनाच की. मग मोरचूद घालून चालंल काय भिंतीला?

निपाणीचे ड्रॉइंग सर (निवृत्त)
रंग येईल, पण फिका. मोरचूद एकटं पाण्यात विरघळून जातं. चुना पडला की तांब्याचं हायड्रॉक्साइड साक्यासारखं खाली बसतं, तोच तुमचा आकाशी. पुढे हवेने त्यात हिरवट झाक येते. शिवाय ते विषारी. कोनाड्यात खाऊचे डबे, देवाचं तीर्थ ठेवतात, तिथे मी तरी घालू देणार नाही.

खानापूरची, सध्या पुण्यात जिऑलॉजी
सर, वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट पाहिलाय का? इतका गर्द निळा! त्याचा रंग करता येईल?

निपाणीचे ड्रॉइंग सर (निवृत्त)
कुटू नकोस गं बाई! कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं ते सिलिकेट जगात मोजक्या ठिकाणीच मिळतं, आणि वाघोलीचे नमुने त्यात नावाजलेले. तसंही खडा गर्द म्हणून भुकटी गर्द, असं नसतं. अ‍ॅझुराइटचंच बघ, तांब्याचं कार्बोनेट. बारीक वाटत गेलं की फिकट पडतं, म्हणून चित्रकार ते जाडसर ठेवून थरावर थर द्यायचे. कॉलेजात अ‍ॅझुराइटचा तुकडा असेल तर मास्तरांना विचारून एक कण दोन काचांमध्ये चिरड आणि भिंगाखाली बघ.