मदत हवी आहे: ‘ओपेरा प्रिमा’मधल्या ‘प्रिमा’ला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या स्पॅनिशच्या वर्गातील काही जणांना घरी दाखवण्यासाठी मी फेर्नान्दो त्रुएबा यांच्या ‘ओपेरा प्रिमा’ (१९८०) या माद्रिदमध्ये घडणाऱ्या विनोदी चित्रपटाची मराठी उपशीर्षके लिहीत आहे, आणि शीर्षकातल्याच एका शब्दाशी अडलो आहे.

कथा साधी आहे. पंचविशीतला पत्रकार मातियास ओपेरा नावाच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडतो आणि तिथे त्याला बियोलेता भेटते. ती व्हायोलिन शिकते, जेमतेम अठरा वर्षांची आहे आणि त्याची ‘प्रिमा’ आहे, म्हणजे चुलत, मावस, आते किंवा मामे यांपैकी कुठल्यातरी नात्याने बहीण. मधल्या काही वर्षांत दोघांची गाठच पडलेली नसल्याने तो तिच्याकडे नव्याने पाहतो आणि प्रेमात पडतो. कलावंताच्या पहिल्या कृतीलाही ‘ओपेरा प्रिमा’ म्हणतात, आणि त्रुएबांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, त्यामुळे नावात कोटी साधली आहे. (गंमत अशी की त्या स्थानकाजवळचे तेआत्रो रेआल हे ऑपेरागृह १९२५ सालीच बंद पडले होते आणि १९८० साली तिथे ऑपेरा नव्हे, वाद्यवृंदाच्या मैफली होत असत.) ही कोटी मराठीत आणण्याचा नाद मी सोडला आहे, शीर्षक आहे तसेच राहील.

संवादांतल्या ‘प्रिमा’चे मात्र काहीतरी करावेच लागेल. स्पॅनिशमध्ये मामा, आत्या, काका, मावशी यांपैकी कोणाचीही मुलगी ‘प्रिमा’च, आणि आपल्याकडे यांतला एक शब्द निवडला की कथेचा रंगच पालटतो. ‘मामेबहीण’ म्हटले, तर महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रूढ असल्याने मातियासच्या अवघडलेपणातला विनोदच उरत नाही. प्रेक्षक म्हणेल, मग अडले कुठे? ‘चुलतबहीण’ किंवा ‘मावसबहीण’ म्हटले, तर ती थेट बहीणच होते आणि हलकाफुलका चित्रपट एकदम निषिद्ध प्रेमाची कहाणी वाटू लागतो. स्पेनमधली छटा या दोन टोकांच्या मधली आहे: तिथल्या दिवाणी कायद्याला अशा विवाहाचे वावडे नाही, चर्चची मात्र खास परवानगी लागते, आणि या नात्यातल्या आकर्षणावर चावट म्हणीही प्रचलित आहेत. ‘आतेबहीण’ हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण मामाच्या मुलीइतके ते लग्न आपल्याकडे सरसकट मान्य नाही आणि सख्ख्या बहिणीइतकी ती दूरही ठेवली जात नाही. परंतु विदर्भातल्या किंवा कोल्हापूरकडच्या वाचकांना तसे वाटते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. सरळ ‘कझिन’ लिहावे, असे एका मित्राने सुचवले. तो शब्द शहरी तरुणांच्या तोंडी शोभतो हे खरे, पण त्यात नाते पुसट होते आणि भाऊबहिणीच्या नात्याची ती बोचही जाते.

याच्याच जोडीने संबोधनाचा प्रश्न येतो. सात वर्षांनी मोठ्या आतेभावाला किंवा मामेभावाला मराठी मुलगी ‘दादा’ म्हणेल, आणि एकदा ‘दादा’ म्हटले की पुढचे सगळे प्रेमप्रसंग बिघडले. म्हणून पहिल्या भेटीपासून तिने त्याला नावाने आणि एकेरीत हाक मारावी, असे मी ठरवत आहे. ते उद्धट वाटेल का?

आणखी एक लहान शंका आहे. मातियास बायकोपासून वेगळा झालेला आहे. स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा १९८१ साली आला, म्हणजे चित्रपटानंतर. म्हणून ‘घटस्फोटित’ हा शब्द मी टाळला आहे. पण ‘विभक्त’ म्हटले की मराठी माणसाला आधी विभक्त कुटुंब आठवते, आणि ‘बायकोला सोडलेला’ म्हटले तर सगळा दोष त्याच्याच माथी येतो. पडद्याच्या तळाशी एका ओळीत मावेल असा, दोष कोणावरही न टाकणारा शब्द कोणाला सुचत असेल तर कृपया सांगावा.