रन-फ्लॅट काढून फेका म्हणणाऱ्यांनो, एकदा रात्री अणुस्कुरा उतरा

जांभादगड (राजापूर)
रन-फ्लॅट, म्हणजे बाजूची भिंत जाड असल्याने हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, यांच्याबद्दल परवा इथेच एकांनी लिहिलं, ‘रन-फ्लॅट म्हणजे लाकडाची चाकं. कंपनीला कळत नाही. जोरकस गाडी घेतलीत तर पहिल्या दिवशी ते काढा, साधे टायर घाला आणि डिकीत पंक्चरचं किट टाका. बाकी सगळी बायकी भीती.’ त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी बीएमडब्ल्यू ३३०आय आहे. जुलैत आईला कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवून परत येत होतो. अणुस्कुरा उतरताना रात्रीचे नऊ वाजलेले, पाऊस असा की वायपर पुरेना. वळणावर ताजी दरड आलेली. मोठे दगड चुकवले, एक धारदार कपरा मात्र पुढच्या डाव्या टायरच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, घुसला. डॅशबोर्डवर लाल खूण आली आणि हवा बघता बघता शून्य. मोबाइलला रेंज नाही, डाव्या हाताला दरी, मागच्या सीटवर बहात्तर वर्षांची आई. मी खाली उतरलोसुद्धा नाही. चाळीसच्या वेगाने पाचल, रायपाटण करत ओणीला हायवेला लागलो आणि घरी पोचलो.

किटवाल्यांनी हे नीट वाचावं. किटच्या बाटलीतलं रसायन खिळ्याच्या भोकाला चालतं, तेही टायरच्या तळाला आणि भोक सहा मिलिमीटरच्या आसपास असेल तर. कुशीला चीर गेली की ती बाटली काहीच करत नाही. साधा टायर असता तर त्या पावसात दरडीखाली उभे राहिलो असतो. कंपनी हवा गेल्यावर ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर चाला म्हणते, मला त्याच्या निम्मेही लागले नाहीत.

तिसरा गिअर (रत्नागिरी)
आईंना सुखरूप आणलंत, बरं वाटलं. पण एका रात्रीवरून निकाल लावू नका. मी चार वर्षं त्याच जातीची गाडी रन-फ्लॅटवर चालवली. आंबा घाटात वळणाच्या मधोमध खड्डा आला की जाड कुशीचा टायर तो पोटात घेत नाही, उसळतो. क्षणभर रबर रस्त्यावर नसतं आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. दर चाकाला वजनही जास्त, आणि तेही स्प्रिंगच्या खालच्या बाजूला, जिथे एकेक किलो जाणवतो. शिवाय टायरने न घेतलेला दणका रिम घेते. माझ्या दोन रिमा हातखंब्याच्या पुढे तडकल्या. साधे टायर घातले आणि तीच गाडी वळणात बोलायला लागली.

आणि रन-फ्लॅट एवढे चांगले असतील तर बीएमडब्ल्यू स्वतःच्या वेगवान एम३ला का देत नाही?

जांभादगड
मग निसानची वेगवान जीटी-आर २००७ पासून रन-फ्लॅटवर का निघत होती? कॉर्व्हेटने १९९७ पासून स्टेपनीच काढून टाकली आणि रन-फ्लॅट दिले. त्या काय बैलगाड्या आहेत?

तिसरा गिअर
त्या गाड्यांचं सस्पेन्शन पहिल्या रेघेपासून त्या टायरसाठी बेतलेलं आहे. वाटेल त्या गाडीला रन-फ्लॅट घालून जीटी-आर होत नाही.

जांभादगड
साहेब, हाच तर माझा मुद्दा. माझ्या गाडीचं सस्पेन्शनही कंपनीने रन-फ्लॅट धरूनच बसवलंय. तुम्ही टायर बदलता आणि बाकी सगळं तेच ठेवता. मऊ कुशीवर ती गाडी तुम्हाला आवडली असेल, पण ‘कंपनीला कळत नाही’ हे कुठून आलं?

तिसरा गिअर
ते मी म्हटलेलं नाही, परवाच्या पोस्टीत होतं. सस्पेन्शनचा मुद्दा घ्या, दिला. रिमांचा देणार नाही.

तरीपलीकडचा (गुहागर तालुका)
तुमची ही चर्चा चार दिवस वाचतोय. मला एवढंच सांगा, आमच्या रस्त्यांवर असली गाडी नक्की कुठे पळवता? गणपतीत धोपाव्याच्या तरीवरून (फेरीबोटीवरून) गाड्या उतरल्या की वाडीतून ज्या सुटतात, ते बघायला या. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे एक गाडी मावेल एवढा रस्ता, वळणावर शाळा. गेल्या वर्षी माझी गाभण गाय गेली. गाडीवाला थांबलाही नाही. म्हणे हवा गेल्यावरही ऐंशीने चालते! आमच्या वाडीत हवा भरलेली असतानाही तीसच्या वर जायचं काम नाही.

लालमाती (डोंबिवली, मूळ देवरुख)
गाईचं वाईट झालं, पण प्रत्येक मुंबईवाल्याला त्या एकाच्या मापाने मोजू नका. आम्ही वर्षातून दोनदा येतो, घर आमचंही तिथेच आहे आणि घरपट्टी आम्हीही भरतो. हायवेचं चौपदरीकरण २०११ला सुरू झालं. तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता इंजिनीअरिंगला आहे. पनवेल सोडलं की डायव्हर्जन, उचकटलेली खडी, काँक्रीटच्या सांध्यातून वर आलेली सळी. बारा-चौदा तास हे सोसून आलेला माणूस वाडीत शिरताना थकलेला असतो, माजलेला नसतो.

तरीपलीकडचा
थकलेल्या माणसाने हळू चालवायचं असतं. तुम्ही तो रस्ता दोनदा सोसता, आम्ही रोज. माझ्या भावाला चिपळूणला डायलिसिसला आठवड्यातून दोन वेळा त्याच खड्ड्यांतून नेतो, साध्या सेकंडहँड गाडीतून. आम्ही कुणाची गाय उडवली नाही.

लालमाती
मी उडवली का? माझ्यावर का ओरडता?

तरीपलीकडचा
कारण जो उडवून गेला तो इथे लिहायला येत नाही. आणि तुम्ही पहिल्या वाक्यात ‘वाईट झालं’ म्हणून दुसऱ्यात घरपट्टीवर गेलात.

लालमाती
हे मात्र खरं. ते वाक्य मागे घेतो. रस्त्याचं मागे घेणार नाही.

खाडीकाठ (दापोली)
‘बायकी भीती’ या शब्दाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, ते मी देते. मी भूलतज्ज्ञ आहे. रात्री दोनला खेडहून फोन येतो, ऑपरेशन थिएटरात बाई घेतलेली असते. दापोली-खेड रस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नसतं. माझी गाडी वेगाची नाही, साधी आहे. तिला स्टेपनी आहे, पण पावसात जॅक चिखलात रुततो आणि कारखान्यात मशीनने आवळलेले नट माझ्या हातांनी सुटत नाहीत. मी पायाने पान्यावर उभी राहूनही बघितलंय. वळणातलं स्टिअरिंग कसं लागतं याच्याशी मला कर्तव्य नाही. तिकडे टेबलावर बाई आहे. माझ्या गाडीच्या मापात रन-फ्लॅट मिळाले तर आज घालीन.

तिसरा गिअर
डॉक्टर, तुमच्यासाठी बरोबर. पण एक सांगतो, हवेचा दाब दाखवणारा सेन्सर गाडीत नसेल तर रन-फ्लॅट घालूच नका. कूस इतकी ताठ असते की हवा गेलेली हाताला कळत नाही, आणि माणूस शंभरने चालवत राहतो.

लालमाती
आणि नव्या गाड्यांना तुमची ती स्टेपनीही मिळेल असं धरू नका. २०२०ला नियम बदलला. ट्यूबलेस टायर, दाबाचा सेन्सर आणि किट असेल तर स्टेपनी द्यायची सक्ती नाही. खरा राग यायचा तर याचा यायला हवा. रन-फ्लॅटही नाही, स्टेपनीही नाही, नुसती बाटली!

घाटमाथा टायर (कुडाळ)
तुमी सगळे खरा सांगतास, पण दुकानात काय होता ता कोणाक म्हायत नाय. बावीस वर्षं चाकं उघडतोय. हवा नसताना चाललेला रन-फ्लॅट उघडला की आतून काळी भुकटी पडते, कुशीचं अस्तर चुरलेलं असतं. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. मी मशरूम पॅच (आतून भोक बुजवायचं ठिगळ) मारायला नकार देतो आणि गिऱ्हाईक मलाच चोर म्हणतं. साध्या टायरला खिळा लागला तर दहा मिनिटांत पॅच मारून देतो. पण तोही सपाट चालवलात तर गेलाच, आणि कुशीला चीर असेल तर दोन्हींची गत एकच.

दुसरं, रन-फ्लॅट चढवायला आधाराचा हात असलेलं मशीन लागतं. लिव्हरने ओढाताण केली की सेन्सर तुटतो. आणि २२५/४५ आर१८ मापाचा माल इकडे कुणी साठवत नाही, कोल्हापूर नाहीतर गोव्याहून मागवावा लागतो. गणपतीत त्याला चार दिवस. तोवर गाडी उभी. तेव्हा घाटातून घरी आलात, चांगलंच झालं, पण पुढचा हिशोबही धरा. आणि एक रन-फ्लॅट, तीन साधे अशी खिचडी घेऊन येऊ नका, मी बसवून देत नाही.

जांभादगड
हे मी लिहायला हवं होतं. माझा तो टायर फेकावाच लागला आणि गाडी पाच दिवस उभी होती. तरी पुन्हा तेच घालणार. पाच दिवस रिक्षाने फिरता येतं.

तिसरा गिअर
घाला. मी साध्यावरच राहणार, डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी ठेवून. सामानाला जागा उरत नाही, मान्य. पण अणुस्कुऱ्यात त्या रात्री मी पावसात भिजत जॅक लावला असता.

जांभादगड
दरडीखाली?

तिसरा गिअर
दरडीखाली नाही. तेवढं तुमचं.

जांभादगड
कुडाळकर, आता मागचे दोन्ही टायरही घासलेत, ते एकदमच बदलायचेत. रन-फ्लॅटच. कधी येतील?

घाटमाथा टायर (कुडाळ)
सोमवारपर्यंत येतले. मंगळवारी सकाळी आठाक येवा, पयलो नंबर तुमचो.