मदत हवी आहे: तीन वर्षांचा घोडा डर्टवर (मातीवर) पळवावा की टर्फवर (हिरवळीवर)?

नमस्कार मंडळी. शर्यतीच्या घोड्यांमधलं कळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे, शक्यतो याच आठवड्यात.

मी केंटकीत लेक्सिंग्टनला राहते. इथे थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्याची मालकी वाटून घेणारे गट असतात, तसल्या एका गटात माझा छोटासा हिस्सा आहे. शेवटचा शब्द ट्रेनरचा आणि गटाच्या मॅनेजरचा, पण ते आमचं मत मागतात आणि ऐकूनही घेतात. घोडा १ जानेवारीला तीन वर्षांचा झाला (इथल्या सगळ्याच थरोब्रेडांचं वय कागदोपत्री त्या दिवशी वाढतं). रंग कुमाईत, उंची बेताची, खूर रुंद आणि पसरट. बाप इंटू मिस्चिफच्या वंशातला, म्हणजे डर्टवरच्या वेगाचं घराणं. आईचा बाप किटन्स जॉय. तो २००४ साली अमेरिकेतला टर्फवरचा सर्वोत्तम घोडा ठरला होता आणि त्याची पोरंही बहुतेक टर्फवरच चमकली. त्यामुळे वंशावळ बघून काही ठरत नाही.

ज्यांनी फक्त महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या शर्यती पाहिल्या आहेत त्यांच्यासाठी: आपल्याकडे शर्यत हिरवळीवर, म्हणजे टर्फवर होते. अमेरिकेत मोठं नाव आणि मोठा पैसा मुख्यतः डर्टवर, वाळूमिश्रित मातीच्या ट्रॅकवर आहे. केंटकी डर्बी डर्टवरच, सव्वा मैलाची, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी.

आमचा घोडा आतापर्यंत दोनदा पळालाय आणि घोळ तिथेच आहे.

पहिली शर्यत ऑक्टोबरमध्ये कीनलँडला, टर्फवर, एक मैल आणि अर्धा फर्लांग (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग). सुटताना रेंगाळला, वळणावर आठवा होता. सरळ पट्ट्यात जॉकीने बाहेर काढला आणि शेवटच्या फर्लांगात बाकीचे जागच्या जागी थांबल्यासारखे वाटले. चाबूक उगारावाही लागला नाही.

दुसरी नोव्हेंबरमध्ये चर्चिल डाउन्सला. तीही टर्फवरच ठरली होती, पण पाऊस लागला आणि शर्यत डर्टवर हलवली. निम्म्याहून जास्त घोडे काढून घेतले गेले, पाच उरले. ट्रॅक दाबून गुळगुळीत केलेला, वर पाण्याचा थर. हा पहिला अर्धा मैल इतरांच्या मागे होता आणि पुढच्यांच्या टापांनी उडालेला चिखल थेट तोंडावर येत होता. मी कठड्यापाशी होते: मान वर, कान मागे, तोंड आतल्या बाजूला वळवलेलं. पावलंही आखडली होती. शेवटी जॉकीने त्याला रुंद बाहेर नेला, समोर मोकळी जागा मिळाली आणि तो पुन्हा पळायला लागला. दुसरा आला, घोड्याच्या पाऊण लांबीने हरला.

आता गटात दोन तट आहेत. डर्टवाले म्हणतात, न आवडणाऱ्या ट्रॅकवरही दुसरा आला म्हणजे कुवत आहे, कोरड्या डर्टवर जिंकेल. दाखले त्यांच्याकडे भरपूर आहेत. बार्बारो पहिल्या तिन्ही शर्यती टर्फवर जिंकून २००६ ची डर्बी जिंकला. बिग ब्राउनने पदार्पण टर्फवर केलं आणि २००८ ची डर्बी नेली. २०११ चा अ‍ॅनिमल किंग्डम तर डर्बीआधी डर्टवर एकदाही पळाला नव्हता. सिगारचा दाखला मला सगळ्यात वजनदार वाटतो: बाप टर्फवरचा, म्हणून टर्फवर पळवत राहिले आणि फारसं काही हाती लागत नव्हतं. १९९४ च्या शरदात डर्टवर आणला आणि त्याने सलग १६ शर्यती जिंकल्या.

तरीही माझं मन टर्फकडे आहे. ही सगळी नावं जमलं त्यांची आहेत. टर्फवरचे किती चांगले घोडे डर्बीच्या नादात वसंतभर डर्टवर पळून दमले, त्यांची नावं कोणी घेत नाही. आमच्या घोड्याचं हत्यार म्हणजे शेवटचा पाव मैल. टर्फवर सुरुवात संथ असते, तिथे ते चालतं. डर्टवर पहिल्यापासून वेग असतो, मागे राहणाऱ्याला मातीचा मारा खावा लागतो, आणि डर्बीत तर २० घोडे असतात. शिवाय जिवाचा प्रश्न आहेच: इथल्या नोंदींत प्राणघातक दुखापतींचं प्रमाण साधारणपणे डर्टवर टर्फपेक्षा जास्त असतं. बक्षिसाच्या रकमेइतकंच वजन मी त्यालाही देते.

सध्या तो फ्लोरिडात आहे. सकाळचा सराव डर्टवर होतो आणि चार फर्लांगांच्या वेळा उत्तम येताहेत, डर्टवाले त्याच दाखवतात. पण तो सरावात एकटा पळतो, समोर कोणीच नसतं. फेब्रुवारीत गल्फस्ट्रीम पार्कला दोन पर्याय आहेत: डर्टवरची साधी शर्यत, किंवा टर्फवरची स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाची शर्यत. ट्रिपल क्राउनची (डर्बी धरून तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यतींची) ६०० डॉलरची नावनोंदणी गटाने केली आहे, त्यामुळे ते दार उघडं आहे. टर्फवरच ठेवला तरी डर्बीच्याच दिवशी चर्चिल डाउन्सवर तीन वर्षांच्या घोड्यांसाठी ‘अमेरिकन टर्फ’ असते.

मला विचारायचंय ते असं. पाणी साचलेल्या डर्टवरच्या एका शर्यतीवरून कोरड्या डर्टबद्दल काही अंदाज बांधता येतो का? पसरट खुराचा घोडा टर्फचा, हे कितपत खरं धरावं? आणि माती तोंडावर घ्यायला घोडा शिकतो, की तो स्वभावच असतो?

प्रतिसाद

ताई, मी पुण्याजवळच्या स्टड फार्मवर बरीच वर्षं काम करतो. डर्टची शर्यत आमच्याकडे नाही, पण वाळू आहे. पुण्या-मुंबईत सकाळचा सराव बहुतेक वाळूवर होतो, रेसच्या पुस्तकात ‘इनर सँड’, ‘आउटर सँड’ म्हणून वेळा छापून येतात. त्या वेळांवर विसंबून टर्फवर पैसे घालवणारे दर मोसमात भेटतात. तुमच्याकडे उलट बाजूने तेच होईल. सरावातल्या वेळेवरून घोडा तंदुरुस्त आहे एवढंच कळतं.

खुराचं म्हणाल तर त्याला फार महत्त्व देऊ नका. रुंद खुराचे घोडे हिरवळीवर बरे पळतात असं जुने लोक म्हणतात आणि बऱ्याचदा तसं दिसतंही, पण पाऊल कसं टाकतो ते आधी बघा. गुडघा फार न उचलता लांब, सरपटती टांग टाकणारा घोडा कडक हिरवळीवर खुलतो. आखूड, जोरकस टांगेचा मातीत पकड घेतो. समोरून आणि बाजूने व्हिडिओ मागवा.

माती खाणं काही घोडे शिकतात, काही मरेपर्यंत शिकत नाहीत. शर्यत लावण्याआधी ट्रेनरला सांगा, सरावात दोन घोडे पुढे ठेवून याला मागे, आतल्या बाजूला पळवा. दोन-तीन वेळा. कान मागे टाकून मान वर करत राहिला तर उत्तर मिळालं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मान खाली घालून लगाम धरला, तर डर्टची एक शर्यत द्यायला हरकत नाही. साचलेल्या पाण्यातली शर्यत मी हिशोबातच धरणार नाही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. मागे ठेवून पळवण्याचं आमच्यापैकी कोणी सुचवलंच नव्हतं. आजच मॅनेजरला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की पुढच्या सरावात दोन जुने घोडे पुढे देता येतील, आणि तोवर दोन्ही शर्यतींत नाव घालून ठेवू. व्हिडिओ मिळाला की इथे टाकते. टांग बघून तुम्ही आणि इतर जाणकारांनी जरूर सांगा. आणि कोणी घोड्यांचे डॉक्टर वाचत असतील तर आणखी एक: तीन वर्षांच्या, हाडं अजून भरत असलेल्या घोड्याला एकाच महिन्यात डर्ट आणि टर्फ आलटून पालटून दिलं तर पायांवर ताण वाढतो का?