बाजार समितीची मक्तेदारी मोडायचा अधिकार कोणाचा?

गोदाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "सर्वोच्च न्यायालयाने बाजार समित्यांची मक्तेदारी वाचवली." वाचून डोकं तापलं. १२ जानेवारी २०२१ ला न्यायालयाने केंद्राच्या तीन कृषी कायद्यांना स्थगिती दिली (त्यातला एक बाजार समितीबाहेर शेतमाल विकायची मुभा देणारा) आणि अभ्यासाला तज्ज्ञ समिती नेमली, एवढंच. केंद्राला असा कायदा करता येतो का, याचा निकाल लागलाच नाही. नोव्हेंबरात कायदेच मागे घेतले गेले. घटनेत राज्यांच्या अधिकारांची जी राज्यसूची आहे, तिच्यात शेती नोंद १४ ला आहे, बाजार नोंद २८ ला. केंद्र उभं राहिलं केंद्र-राज्य दोघांच्या समवर्ती सूचीतल्या नोंद ३३ वर, म्हणजे अन्नधान्याच्या व्यापारावर. मागच्या दाराने राज्याच्या घरात शिरणं आहे हे.

वऱ्हाडी कास्तकार: काल मीच लिहिलं होतं. निकाल दिला नाही हेच तर दुखणं आहे! घटनाबाह्य वाटत होते तर तसं सांगायचं. त्या तज्ज्ञ समितीचा अहवालसुद्धा न्यायालयाने उघड केला नाही, तिचे सदस्य अनिल घनवट यांनी तो २०२२ मध्ये स्वतः जाहीर केला. आणि राज्याच्या अधिकाराचं कौतुक मला सांगू नका. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायची सक्ती, कोणी लादली? राज्यानेच. माझे वडील रात्री बैलगाडीतून मध्य प्रदेशात कापूस न्यायचे, स्वतःच्या शेतातला, चोरासारखा. सरकारला विकलेल्या कापसाचे चुकारे, म्हणजे पैसे, वर्ष वर्ष अडकायचे. बहिणीचं लग्न त्यापायी पुढे ढकललं होतं.

काळा कोट: भावना समजल्या, पण २००२ चा तंबाखूचा खटला विसरू नका. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठात बहुमताने ठरलं की केंद्राचा तंबाखू मंडळाचा कायदा असला तरी बिहारच्या बाजार समितीला शुल्क घेता येतं. कॅनडातही शेतकऱ्यांचा गहू एकट्यानेच विकणाऱ्या सरकारी गहू मंडळाची मक्तेदारी मोडताना हाच झगडा झाला. शेतकऱ्यांचं मतदान न घेता मंत्र्याने विधेयक आणलं म्हणून २०११ मध्ये न्यायालयाने ठपका ठेवला. २०१२ मध्ये अपिलात तो निकाल उलटला आणि मक्तेदारी गेलीच.

पट्टीवाला: कॅनडा राहू द्या, अडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाच्या कमिशनवर बोला. २०१६ ला राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीतच विकायचं बंधन काढलं, आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. माझा कांदा चाळीत सडला. नंतर एका बाजारात पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, अडत दिसेना, पण हमाली, तोलाई, वाराई असे बाकीचे खर्च वाढलेले आणि वर क्विंटलमागे दोन किलो वजन घट म्हणून कापलेलं! विचारलं तर म्हणे, माल उचला आणि जा.

तिसरी पिढी: आमची अडतीची पेढी आहे. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. अडल्यानडल्याला रात्री अकरा वाजता उचल कोण देतं? बँक देते का?

पट्टीवाला: उचल देता आणि भाव ठरवायचा हक्कही घेता. उचल घेतली की तुमच्याकडेच माल आणावा लागतो ना मग?

तिसरी पिढी: पैसे बुडवून दुसऱ्याकडे माल नेणारेही पाहिलेत. तुमच्यासारखेच.

पट्टीवाला: मला ओळखता का तुम्ही? एक रुपया ठेवला नाही कोणाचा. शब्द मागे घ्या.

तिसरी पिढी: तुमच्यासारखेच, हे मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही.

वऱ्हाडी कास्तकार: अडतीत पार वाहून गेलात. गोदाकाठ, सरळ सांगा, राज्य बाजार मोकळा करतच नसेल तर शेतकऱ्याने कुठे जायचं?

गोदाकाठ: राज्याच्या विधानसभेत. बिहारने २००६ ला स्वतःचा बाजार समिती कायदा रद्द केला, दिल्लीला विचारलं नाही. तुमच्या वडिलांचं वाचून मात्र गप्प झालो. राज्यानेही छळलंय, हे मान्य. म्हणून अधिकार दिल्लीला द्यायचा, हे नाही.

वऱ्हाडी कास्तकार: वाचवली हा शब्द चुकला माझा, लटकवली म्हणतो. पण तुमची विधानसभा? तिथे बसलेल्यांतले किती जण बाजार समितीच्या संचालकपदावरून वर आलेत, ते आधी मोजा.